सहा तारांचा संसार

गेल्या वर्षी तुळशीची लग्ने नुकतीच लागली होती. यावलात त्या दिवसांत संध्याकाळी सातपुड्याकडून थोडा गार वारा येऊ लागतो आणि माणसे पुन्हा ओट्यावर बसू लागतात. अशाच एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चहा झाला, केळीच्या भावाची चौकशी झाली, कोणाच्या घरी यंदा किती लग्ने आहेत हेही निघाले. मग त्याने मोबाइल काढून चार गिटारांची चित्रे माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "सर, घेणं एकच आहे, अन् वाजवणं सगळंच आहे. सांगा, यातली कोणती घेऊ?"

हा मुलगा लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. त्याचे 'सगळंच' म्हणजे काय ते खानदेशातल्या वाचकाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. हळदीच्या रात्री अहिराणी गाणी. वरातीत हिंदी सिनेमातली नाचाची गाणी. जेवणावळीच्या वेळी ज्येष्ठ मंडळींना जुनी, संथ गाणी. गणपतीत आरत्या, एकादशीला अभंग, उरुसाला कव्वाली. शिवाय फैजपूर-भुसावळची कॉलेजातली पोरे हल्ली मांडवापुढे उभी राहून इंग्रजी रॉकची मागणी करतात, ती वेगळीच. त्याच्याजवळ ३५,००० रुपये होते. त्यांतले निम्मे दोन लग्नसराईंतली शिल्लक आणि निम्मे आईने बचतगटातून काढलेले कर्ज. वाद्य चुकले तर ते कर्ज आईच्या शेतमजुरीतून फिटायचे होते.

मी गिटार वाजवत नाही. मी शाळामास्तर, अधूनमधून कादंबऱ्या लिहितो. "बाबा, हे दुकानदाराला विचार," असे म्हणून मला सुटता आले असते. परंतु या मुलाच्या बाबतीत तसे सुटण्याचा हक्क मी पूर्वीच गमावला होता. त्याचे कारण पुढे सांगेनच. मी त्याच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली आणि ज्या वाद्यावर 'सगळंच' वाजते अशा वाद्यांचा इतिहास धुंडाळायला बसलो. आमच्या धंद्यात प्रश्नाचे उत्तर येत नसले की इतिहासात शिरायचे, ही सोय असते.

पहिली आठवली ती अर्थातच आपली बाजाची पेटी. आज कीर्तन, भजन, नाट्यगीत, लावणी, कव्वाली, शाळेतली प्रार्थना, यांतले काहीच पेटीवाचून होत नाही. जणू ती ज्ञानोबा-तुकोबांच्या काळापासून येथेच होती! वस्तुतः पॅरिसच्या अलेक्झांडर डेबँ याने १८४० च्या सुमारास हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते पायाने भाता मारण्याचे, खुर्चीवर बसून वाजवण्याचे वाद्य होते. आपण जमिनीवर मांडी घालून बसणारी माणसे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास भाता मागच्या बाजूला आणून एका हाताने हवा भरायची आणि दुसऱ्याने वाजवायचे अशी सुटसुटीत पेटी केली, तेव्हा कोठे ती आपल्या बैठकीत उतरली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे १९११ साली 'मानापमाना'च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. बालगंधर्वांच्या पदांमागे तर ऑर्गन गात असे.

परंतु हे सुख निर्वेध नव्हते. पेटीत सप्तकाला बारा सूर, आणि तेही ठोकून बसवलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात नाही, आणि आपल्या शास्त्रकारांनी सांगितलेल्या बावीस श्रुतींना तर तिच्यात जागाच नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली या श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि क्लेमंट्स नावाच्या गोऱ्या न्यायाधीशाच्या साहाय्याने श्रुतींची पेटी करवून घेण्याचा खटाटोप केला. ती पेटी विद्वानांच्या सभेत गाजली, पण कीर्तनकाराच्या गाठोड्यात काही शिरली नाही. १९४० साली तर आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदीच घातली. ती सुमारे तीस वर्षे टिकली आणि १९७१ च्या सुमारास सैल होऊ लागली. मौज अशी की या तीस वर्षांत देशातली एकही भजनी मंडळी पेटीवाचून बसली नाही. रेडिओच्या स्टुडिओत तिला मज्जाव होता, आणि स्टुडिओबाहेर सगळा मुलूख तिचाच होता.

येथे मला पहिला धडा मिळाला. जे वाद्य सगळ्यांना चालते ते कोणाचेच पूर्ण समाधान करत नाही. सारंगीइतके ते गळ्याच्या जवळ जात नाही आणि बासरीइतके हळवे होत नाही. ते टिकते ते दुसऱ्याच गुणांवर. ते स्वस्त असते, काखोटीला मारता येते, गावात दुरुस्त होते, आणि आज या घरी तर उद्या त्या घरी वाजवणाऱ्याचे पोट भरते.

दुसरे वाद्य आठवताना मात्र माझी मान खाली गेली.

जपानात नागोया येथे १९१२ साली गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने टंकयंत्राच्या कळा पाहून एक तंतुवाद्य केले. त्याचे नाव 'ताइशोगोतो'. लांबट पेटी, तिच्यावर तारा, आणि पडद्यांच्या जागी टाइपरायटरसारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची आणि उजव्या हाताने तार छेडायची. हे वाद्य हिंदुस्थानात आले आणि त्याला 'बुलबुलतरंग' असे गोड नाव मिळाले. आपण मराठी माणसांनी त्याला सरळ 'बेंजो' करून टाकले. अमेरिकेतल्या खऱ्या बँजोशी, म्हणजे चामडे मढवलेल्या गोल वाद्याशी, त्याचे काडीचे नाते नाही. पुढे कोणीतरी या बेंजोच्या तारांखाली चुंबकाचा पिकअप बसवला, वायर लांबवून भोंग्याला जोडली, आणि मुंबई-कोकणापासून गणपतीच्या मिरवणुका त्यावर नाचू लागल्या. या बेंजो पार्ट्यांवर २०१६ साली एक हिंदी चित्रपटही निघाला. विजेवर चालणारे, सर्व प्रकार वाजवणारे तंतुवाद्य आपल्या गल्लीबोळांत गिटारीची वाट न पाहताच नांदू लागले होते. आपण त्याला त्या नावाने ओळखले नाही, इतकेच.

हा माझा विद्यार्थी सातवीत असताना एकदा दप्तरातून असाच बेंजो घेऊन आला होता. त्याचे वडील वरातीत वाजवत. मधल्या सुट्टीत त्याने वर्गात एक सिनेमातले गाणे वाजवले आणि पोरे बाकांवर चढली. मी तेव्हा नवा मास्तर होतो. शिस्त म्हणजे शांतता असे मला वाटे. मी बेंजो काढून घेतला, कपाटात टाकला आणि सर्वांदेखत म्हणालो, "हे वाद्य नव्हे, खेळणं आहे. वाद्य शिकायचं तर पेटी शिक, तबला शिक." आठ दिवसांनी त्याचे वडील टोपी हातात घेऊन तो न्यायला आले. लग्नाची तिथी होती आणि बेंजो माझ्या कपाटात होता. ते मला एक शब्द बोलले नाहीत. मुलगा त्यानंतर शाळेत कधी वाजवताना दिसला नाही. ज्या पेटीची मी त्याला शिफारस केली तिलाही आकाशवाणीच्या जाणकारांनी एके काळी दाराबाहेरच ठेवले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी तोंड आवरले असते, असे म्हणायला मला आवडेल.

असो. आता गिटार.

मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्यापाशी चुंबकीय क्षेत्र हलले की वेटोळ्यात वीज निर्माण होते. हा प्रयोग आपण मुलांना शिकवतो आणि ती परीक्षेपुरता लक्षात ठेवतात. बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ साली, अमेरिकेत जॉर्ज बोशां या वादकाने रिकनबॅकर नावाच्या कारागिराच्या मदतीने तो गिटारीला लावला. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे द्यायचे आणि त्यावरून पोलादी तारा ताणायच्या. तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत वीज उमटते, ती ॲम्प्लिफायरमध्ये मोठी होऊन कर्ण्यातून बाहेर पडते. म्हणूनच या गिटारीला नायलॉनची तार चालत नाही. बाजारात आलेली ती गिटार ॲल्युमिनियमची होती. दिसायला ती इतकी तव्यासारखी होती की तिचे नावच 'तळणीचा तवा' असे पडले. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांब सरकवून वाजवीत. ही हवाई बेटांची तऱ्हा होती. मींडेची हौस आपल्यालाच असते असे नाही.

पुढे लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ आला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! कदाचित म्हणूनच तो वाजवणाऱ्यांच्या तक्रारी नीट ऐकू शकला. त्याने १९५० साली पोकळ पोटाची गिटार सोडून भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिची दांडी चार स्क्रूंनी बसवलेली असे; मोडली तर दुसरी लावा. १९५४ साली त्याने 'स्ट्रॅटोकास्टर' काढली. तिच्यात तीन पिकअप. घोडीजवळचा पिकअप धारदार बोलतो आणि दांडीजवळचा गोल, मवाळ. सतार घोडीजवळ छेडली तर आवाज कसा कडक होतो ते ज्याने ऐकले आहे त्याला हे चटकन उमजेल. तीन पिकअपांसाठी बटण तीन जागांचे होते. वादकांनी ते बटण दोन जागांच्या मधोमध अडकवून पाहिले, तो दोन पिकअप एकदम बोलू लागले आणि एक निराळाच किणकिणता आवाज निघाला. हा आवाज कारखान्याच्या आराखड्यात नव्हता. वाजवणाऱ्यांनी तो शोधला. कारखान्याने पाच जागांचे बटण दिले ते १९७७ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी.

राहिला गुणगुणाटाचा प्रश्न. एका वेढ्याचा पिकअप तारेबरोबर भोवतालच्या विजेचाही आवाज टिपतो. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. मांडवातल्या दिव्यांच्या माळा, जनरेटर, मंद करायची बटणे, सगळ्यांची भुणभुण त्यात उतरते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर याने १९५५ साली यावर युक्ती काढली. दोन वेढे शेजारी ठेवायचे, त्यांची गुंडाळणी एकमेकांच्या उलट आणि चुंबकांची टोकेही उलट. मग तारेचा आवाज दोहोंत मिळून वाढतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकीला खाऊन टाकते. या जोडपिकअपाला 'हंबकर' म्हणतात. त्याचा आवाज भरदार, थोडा जाड. पण एकेरी पिकअपाची किणकीण त्यात नाही. येथेही तोच न्याय. एक घ्यावे तर दुसरे सोडावे लागते.

आपल्या देशात हे वाद्य सिनेमाच्या दाराने आले. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. सकाळी चर्च, दुपारी रेकॉर्डिंग, रात्री हॉटेलात जॅझ, अशी त्यांची दिनचर्या. चार तऱ्हा एका हाताने वाजवण्याची विद्या त्यांच्याकडूनच शिकावी. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट या गोवेकर ट्रंपेटवादकाची मंडळी हाताशी धरून साऱ्या देशाला नाचवले. हजारासिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारीवर सिनेगीतांच्या तबकड्या काढल्या. जुन्या मंडळींना आठवत असेल, रेडिओवर बातम्यांआधी दोन मिनिटे उरली की शब्दांवाचूनचे गाणे लागे. वाद्याचे नाव ठाऊक नसताना घरोघर माणसे त्यावर गुणगुणत. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी रागांवर जॅझची तबकडी काढली. तिच्यात रईस खाँ यांच्या सतारीबरोबर अनिबल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक यांच्या गिटारी आहेत. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'तल्या 'दम मारो दम'ची गिटार भूपिंदर सिंग यांची; आणि तेच भूपिंदर पुढे गिटार घेऊन गझल गात. शास्त्रीय बाजूला ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर घेतली आणि १९६७ साली शिवकुमार शर्मांच्या संतूर व हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीशेजारी तिला मानाने बसवले. सहा तारांच्या या परक्या पोरीने एवढ्या घरी संसार केला! मात्र काबरांनी तिला कांबेने वाजवले आणि भूपिंदरनी बोटांनी. वाद्य एकाच कुळातले. घर बदलले ते हाताने.

आठ दिवसांनी तो आला तेव्हा मी वहीत लिहून ठेवलेले त्याला वाचून दाखवले. घोडीजवळ एक हंबकर आणि पुढे दोन एकेरी पिकअप, अशी गिटार घे. वरातीत हंबकर, अभंगाला दांडीजवळचा पिकअप, कव्वालीच्या ठेक्याला मधली किणकीण. बटण पाच जागांचे असू दे. घोडी पक्की बसवलेली पाहा. दांडा हलवून सूर डोलवणाऱ्या, स्प्रिंगवर तरंगत्या घोडीची एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात, आणि भर वरातीत नवरदेव घोड्यावर असताना कोणी थांबत नाही. दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे ना ते बघ. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत लाकूड वाकते. तारा बारीक लाव, नऊ नंबरच्या, म्हणजे बोटाने ओढून मींड काढता येईल. आणि सगळे पैसे गिटारीत घालू नकोस. पंचवीस हजारांची गिटार आणि दहा हजारांचा ॲम्प्लिफायर हे पस्तीस हजारांच्या मुक्या गिटारीपेक्षा बरे.

त्याने सगळे शांतपणे ऐकले. मी विचारले, "त्यापेक्षा कीबोर्ड का घेत नाहीस? त्यात शंभर वाद्यांचे आवाज भरलेले असतात."

तो म्हणाला, "त्यात बोट दाबलं की आवाज येतो सर, पण आपला येत नाही." आणि थोड्या वेळाने, "बेंजोत येत होता."

मी तेव्हा त्याची माफी मागितली. एवढ्या वर्षांनी, ओट्यावर बसून, चहाच्या रिकाम्या कपांसमोर. तो गडबडला, "अहो सर, मी विसरलोपण," असे म्हणाला. तो विसरला नव्हता हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. वडील आता नाहीत; बेंजो घरी भिंतीवर आहे.

गिटार त्याने घेतली. साधारण मी सांगितली तशीच. रंग मात्र त्याच्या आईने पसंत केला, लाल. या वैशाखात आमच्या गल्लीत लग्न होते. हळदीच्या रात्री बँड थांबला आणि बायका गाऊ लागल्या. आपल्या बायका हळदीची गाणी काळी चार की पांढरी पाच असे विचारून म्हणत नाहीत. ज्येष्ठ बाईचा गळा जेथे लागेल ती पट्टी. मी मुद्दाम पुढे जाऊन उभा राहिलो. मुलाने आवाज अगदी खाली आणला, बटण दांडीजवळच्या पिकअपावर टाकले आणि षड्ज शोधू लागला. बायकांचा सा दोन पडद्यांच्या मधे कोठेतरी होता. देवल-क्लेमंट्सना ज्यासाठी नवी पेटी घडवावी लागली ती जागा! त्याने खालच्या पडद्यावर बोट ठेवले, तार थोडी वर ओढली आणि तेथेच धरून ठेवली. एक म्हातारी गाता गाता त्याच्याकडे वळून पाहू लागली. तिने मान हलवली आणि पुढचे कडवे उचलले.

तार तशी ओढून धरणे सोपे नसते. बोटाच्या पेराला कळ लागते. गाणे बारा कडव्यांचे होते. शेवटपर्यंत त्याने बोट हलवले नाही. त्याची आई मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. कर्जाचे हप्ते अजून सात राहिले आहेत, असे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. आणि या लग्नसराईत ते फिटतील, असेही.